खेळून पोट भरतं का?



गेल्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला आणि एका ताईंनी विचारलं, "पोरगी कबड्डीच्या सरावाला जायचं म्हणते. पण खेळून पोट भरतं का हो?" आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो. मग ठरवलं, अमेरिकेतले खेळाडू कोट्यवधी कमावतात असं आपण ऐकतो, तर तिथली मुलं शाळेच्या मैदानावरून तिथवर पोचतात कशी, ते समजून घेऊ. आज तेच सांगणार आहोत.

अमेरिकेत नववी ते बारावीच्या शाळेला हायस्कूल म्हणतात. खेळाची पहिली पायरी तिथेच. शाळेचा संघ, शाळेचा कोच, शाळेचंच मैदान. शाळा सुटली की रोज सराव. अभ्यासात नापास झालं तर बहुतेक ठिकाणी संघातून बाहेर बसावं लागतं. दुसरी पायरी कॉलेजची. कॉलेजांचे कोच शाळांच्या सामन्यांना जातात, चांगली मुलं हेरतात. काहींना शिष्यवृत्ती मिळते. त्यात फी, राहणं, जेवण, पुस्तकं असा खर्च निघू शकतो. तिसरी पायरी व्यावसायिक संघांची. बास्केटबॉलसारख्या खेळात वर्षातून एकदा सगळे संघ एकत्र येऊन पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण ही चाळणी फार बारीक आहे. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरातली साधारण सातच मुलं कॉलेजच्या संघात पोचतात. आणि कॉलेजात खेळणाऱ्या शंभरातली दोनसुद्धा व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. म्हणजे कोट्यवधी कमावणारे मूठभर. मग बाकीच्यांचं काय? ज्यांनी खेळता खेळता पदवी पुरी केली, ते शिक्षक, नर्स, इंजिनिअर, कोच होतात. ज्यांनी खेळापायी शिक्षण सोडलं, त्यांच्या हातात फार काही उरत नाही.

आता मुलींचं ऐका. टेनेसी राज्यातल्या विल्मा रुडॉल्फ यांचा जन्म १९४० सालचा. गरीब कृष्णवर्णीय कुटुंब, बावीस भावंडांतलं विसावं लेकरू. आई लोकांच्या घरची कामं करायची. लहानपणी पोलिओ झाला, पाय अधू झाला. आई त्यांना बसने दूर नॅशव्हिलच्या दवाखान्यात न्यायची, घरी भावंडं पाळीपाळीने पाय चोळायची. बाराव्या वर्षाच्या सुमारास पायाचा आधारपट्टा सुटला. हायस्कूलमध्ये त्या बास्केटबॉल खेळू लागल्या. तिथे एड टेंपल नावाच्या कॉलेजच्या कोचने त्यांना हेरलं. १९५६ मध्ये शाळेत असतानाच ऑलिंपिकचं कांस्यपदक आणि १९६० मध्ये रोमला तीन सुवर्णपदकं! पण तेव्हा धावणाऱ्या बाईला पगार देणारं कुणी नव्हतं. कॉलेजातही त्या काम करून शिकल्या. १९६३ मध्ये पदवी घेतली, पुढे शिक्षिका आणि कोच झाल्या. पदकांनी नाव दिलं, पोट पदवीने भरलं.

१९७२ मध्ये तिथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी म्हणून कुणाला मागे ठेवायचं नाही. त्यात खेळही आला. कायद्याआधी हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली होत्या तीन लाखांच्याही आत. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. मुली त्याच होत्या, मैदान तेवढं उघडलं.

त्याच मैदानातून आयोवा राज्यातली केटलिन क्लार्क पुढे आली. लहानपणी ती मुलांच्या संघातून बास्केटबॉल खेळली. मग हायस्कूल, मग आयोवा विद्यापीठ. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तिची निवड सगळ्यात पहिली झाली. पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या मुलाला एक कोटी डॉलरहून जास्त! जाहिरातींतून केटलिनला भरपूर मिळालं, पण पगारातली ही दरी तिथेही आहेच. मजुरीच्या दिवशी बाईच्या हातावर कमी पैसे पडतात, ते आपल्याला काही नवीन नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. नुसतं खेळून पोट फार थोड्यांचं भरतं, अमेरिकेतसुद्धा. म्हणून खेळासाठी शाळा सोडू द्यायची नाही. पण पोट भरत नाही म्हणून खेळ बंद करायचा, हेही बरोबर नाही. खेळाचं बोट धरून तिथल्या कितीतरी मुली कॉलेजपर्यंत गेल्या.

पुढच्या बैठकीआधी आम्ही चौघी-पाचजणी शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारणार आहोत. मुलींना मैदान किती वेळ मिळतं? सरावाला शिकवणारं कोण आहे? आणि अंधार पडायच्या आत त्यांना घरी सोडतं कोण? तुम्हीही आपल्या गावच्या शाळेत विचारा. शाळेने मैदान दिलं, तर पोरीला संध्याकाळचा तासभर आपल्याला द्यावा लागेल. त्या तासाची भांडी घरात कुणी घासायची, तेवढं आजच ठरवून टाकूया.