आधी आग काढा



मराठीत 'लागणे' हे क्रियापद फार कामाचं आहे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, लेकरांचा लळा लागतो. तसाच भात लागतो, दूध लागतं, वरण लागतं. यात करणारा कुणीच नाही. भाषेनं स्वयंपाक करणाऱ्या बाईला केव्हाच माफ करून टाकलं आहे. पण आपण? घरात करपट वास आला की आपला पहिला प्रश्न असतो, "लक्ष कुठं होतं?"

आज या लागलेल्या पातेल्याविषयीच बोलणार आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

आमच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. तेव्हा एरंडोलला आमच्या गल्लीत नळ आला, की हातातलं काम टाकून धावावं लागे. पत्नीनं स्टोव्हवर तुरीचं वरण ठेवलं आणि तेवढ्यात नळ आला. ती हंडे-कळशा घेऊन बाहेर गेली. मी पुढच्या खोलीत कविता लिहीत बसलो होतो. करपल्याचा वास आधी मला आला. स्टोव्ह माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उठलो नाही, बसल्या जागेवरून ओरडलो. ती ओल्या हातांनी धावत आली आणि तिनं स्टोव्ह बंद केला. माझ्या ओरडण्यात जेवढा वेळ गेला, तेवढं वरण आणखी लागलं. ती कविता पुढं छापून आली. आज तिची एक ओळही आठवत नाही. तो वास मात्र आठवतो.

मग तिनं जे केलं, ते मी पाहत राहिलो. तिनं पातेल्यात डाव फिरवला नाही. परातीत गार पाणी घेऊन पातेलं त्यात टेकवलं. वरचं वरण अलगद डावानं दुसऱ्या पातेल्यात काढलं. पातेलं कलतं केलं नाही, तळाचे चार डाव तसेच सोडून दिले. काढलेल्या वरणाची चव पाहिली, त्यात गरम पाणी घातलं आणि वरून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली. मी जेवलो. वरण चांगलं झालं होतं.

यामागचं कारण साधं आहे. पाणी साधारण 100 अंशांवर उकळतं. पातेल्यात पाणी खेळतं आहे, तोवर अन्न त्याहून फारसं तापत नाही. पण डाळ-तांदळाचा साका खाली बसतो, तिथलं पाणी आटतं आणि वरचं पाणी खाली पोचत नाही. मग तळ तापत जातो. 140 अंशांच्या पुढं अन्न तांबूस होऊ लागतं, त्याला आपण खमंग म्हणतो. त्याच्याही पुढं गेलं की ते कडू होतं. हा कडूपणा आधी तळाशीच असतो. घाबरून डाव फिरवला, की तो आपणच सगळ्या पातेल्यात पसरवतो.

म्हणून पहिली गोष्ट, विस्तव बंद. दुसरी, ढवळू नका आणि खरवडू नका. तिसरी, वरचं अन्न दुसऱ्या भांड्यात. भांडं मातीचं असेल तर गार पाण्यात ठेवू नका, तडकेल. भात लागला तर वरचा भात परातीत पसरून वाफ जाऊ द्या. वास थोडाच असेल, तर भातावर कांद्याच्या फोडी किंवा पावाचा तुकडा ठेवून दहा मिनिटं झाकण घाला. वास बराच कमी होतो. रस्सा लागला तर वरचा काढून घेऊन त्यात दाण्याचं कूट किंवा खोबरं घाला. दूध नुकतंच लागलं असेल, तर वरचं दूध काढून वेलची घालून खिरीला वापरता येतं. जास्त लागलं तर इलाज नाही. चव कडू असेल, तर मसाले आणि तेल ओतून तेही वाया घालवू नका.

मुळात लागू नये म्हणून काय करावं? ईदच्या शीरखुर्म्याचं दूध असो की कोजागरीचं, ओतण्याआधी पातेलं पाण्यानं विसळून घ्यावं, थोडं पाणी तळाशी राहू द्यावं. आटवताना उलथनं तळाला घासत फिरवावं. गूळ-साखर शेवटी घालावी. बिर्याणी दमाला ठेवताना पातेल्याखाली तवा ठेवावा. पातळ स्टीलचं भांडं ज्योतीच्या वरच तेवढं तापतं आणि तिथंच धरतं. त्यापेक्षा जाड बुडाचं बरं. कल्हईचं भांडं रिकामं विस्तवावर ठेवू नये, कारण कल्हई म्हणजे कथील आणि ते 232 अंशांना वितळतं. काळं झालेलं स्टीलचं पातेलं खाण्याचा सोडा आणि पाणी घालून उकळावं आणि रात्रभर तसंच ठेवावं. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावू नये, ते काळं पडतं. त्याला चिंच चांगली.

आता आमच्या घरातल्याच एका लग्नाची गोष्ट. पुलावाची देग चुलाण्यावर होती. पंगत बसायला अर्धा तास उरला होता आणि मांडवात करपट वास आला. सगळे एकदम बोलू लागले. लाकडं कुणी सारली? पाणी कुणी मोजलं? आमचे म्हातारे आचारी, त्यांना सगळे चाचा म्हणत, कुणाकडे बघितलंही नाही त्यांनी. लाकडं बाहेर ओढली, देगेच्या बुडाशी ओलं गोणपाट लावलं, वरचा पुलाव दुसऱ्या देगेत काढला. तळाचा सोडला आणि तेवढा तांदूळ वेगळा शिजत टाकला. पाहुणे जेवून गेले, कुणाला कळलंही नाही. सगळं आवरल्यावर ते एवढंच म्हणाले, "आधी आग काढावी, माणूस मग शोधावा. आग काढली की माणूस शोधायची गरज पडत नाही."

मला त्या दिवशी आमचा स्टोव्ह आठवला आणि मान खाली गेली.

हे फक्त माझ्या घरापुरतं नाही. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना आणि पुरुषांना विचारलं होतं, बायकोनं स्वयंपाक नीट केला नाही, तर नवऱ्यानं तिला मारणं योग्य आहे का? 2019-21 च्या सर्वेक्षणातही हा प्रश्न आहे. इतर अनेक देशांतल्या अशा सर्वेक्षणांत तर थेट 'अन्न करपवलं तर' असंच विचारतात. हा प्रश्न विचारावा लागतो, यातच सगळं आलं.

आमचं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, असं इथं मानतात. भीमानं बकासुराला मारलं ते जवळच्या पद्मालयाच्या रानात, असंही सांगतात. त्या बकासुराला रोज गाडाभर अन्न लागे आणि अन्नाबरोबर एक माणूसही लागे. ताटावर बसून घरच्या बाईवर खेकसणारा माणूस दुसरं काय करतो? अन्नाबरोबर माणूसही खातो. हे मी दुसऱ्याला सांगत नाही, स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो.

तेव्हा करपट वास आला, तर ज्याला तो आधी आला त्यानं उठावं. चार पावलं चालावं आणि गॅस बंद करावा. नळावर गेलेल्या माणसाचे हात भरलेले असतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)