बोरघाटाचे मालक

जुलै 2025 मध्ये अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक या मालवाहू रेल्वे कंपनीने नॉरफोक सदर्न ही दुसरी कंपनी 85 अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. एकीचे रूळ पश्चिमेकडचे, दुसरीचे पूर्वेकडचे. आज एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारा माल शिकागोसारख्या ठिकाणी एकीने दुसरीच्या हवाली करायचा असतो आणि तिथे वाघिणी अडकून पडतात. एकत्र आलो की हा खोळंबा संपेल, असे कंपन्या म्हणतात. माल पाठवणाऱ्या कारखानदारांची धास्ती वेगळी आहे. भाडे सांगणारा एकच उरला, तर घासाघीस कोणाशी करायची?

कर्जत-खालापूरच्या माणसाला याचे काय, असे तुम्ही म्हणाल. पण रेल्वेचे मालक बदलताना आपल्या मुलखाने अनेकदा पाहिले आहेत.

1856 साली जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. 1858 मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले. मधला घाट मात्र प्रवाशाने पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढायचा. 1863 साली बोरघाटातून गाडी सुरू झाली आणि खोपोली एका दिवसात मुख्य मार्गावरून बाजूला पडून फाट्यावरचे स्टेशन झाली. या कंपनीला सरकारने भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी दिली होती. धंदा बसला तरी भागधारकाचे पाच टक्के चुकत नव्हते, ते रयतेच्या पैशातून जात. आजकाल खासगी-सरकारी भागीदारीचे नवे नवे करार निघतात, तेव्हा मला ही जुनी हमी हटकून आठवते.

1900 साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली. त्याच वेळी इंडियन मिडलँड ही उत्तरेकडची रेल्वे जीआयपीत विलीन झाली. गाड्या चालवण्याचे काम मात्र 1925 पर्यंत कंपनीकडेच राहिले. पुढे 5 नोव्हेंबर 1951 रोजी जीआयपी, निजामाची रेल्वे, शिंद्यांची आणि ढोलपूरची अशा रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे उभी राहिली.

आता गंमत पाहा. मनमाडला जीआयपीची आणि निजामाची रेल्वे भेटत असे. 1951 मध्ये दोन्हींचा मालक एकच झाला, तरी मराठवाड्याकडून येणारा माल मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावाच लागे. कारण निजामाचे रूळ मीटर गेज, आपले ब्रॉड गेज. तो रूळ रुंद व्हायला 1990चे दशक उजाडले. कागदावर विलीनीकरण झाले म्हणजे मालाची वाट मोकळी होते, असे नाही.

आपला घाटही तसाच. चढ 37 फुटांना एक फूट. कंपनी असो, सरकार असो की उद्या आणखी कोणी, पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावावी लागतात. त्यांना लागणारा वेळ आणि वीज कुठल्याही खरेदीखताने कमी होत नाही. उलट पनवेल-कर्जत मार्ग झाला, तेव्हा न्हावाशेवाच्या बंदरातल्या कंटेनरला दिवा-कल्याणचा वळसा न घेता घाटाच्या पायथ्याशी येता येऊ लागले. इथे मालक बदलला नव्हता, नवे रूळ पडले होते.

आता विक्रीकडे वळू. अमेरिकेत मोठ्या कंपन्या तोट्यातल्या शाखा विकून टाकतात. लहान लहान कंपन्या त्या घेतात आणि थोड्या माणसांत, जुन्या इंजिनांवर चालवतात. अशा छोट्या रेल्वे तिथे सहाशेच्या आसपास आहेत आणि त्यातल्या पुष्कळ बऱ्या चालल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. मला भीती आहे ती वाटणीची. कसदार मळा एकाने घ्यावा आणि खडकाळ माळ धाकट्याच्या नावे करावा, तशी. आपल्याकडे कोळसा, सिमेंट आणि लोखंड यांच्या भाड्यातून प्रवासी गाड्यांची तूट भरून निघते. खोपोली लोकल त्यातच आली. मालगाड्यांचा मळा वेगळा काढला, तर या लोकलचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकणार?

मालक एक आणि चालक दुसरा असला की काय होते, याचे उदाहरण विदर्भातले घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे 1951 नंतरही खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. गाड्या मध्य रेल्वेने चालवायच्या आणि मोबदला कंपनीला द्यायचा. रुळांवर पैसा घालायची निकड ना मालकाला, ना चालकाला. शेवटी गाड्याच बंद पडल्या.

कोकण रेल्वेची कथा याहून चमत्कारिक आहे. सुरुवातीला केंद्राचा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22 टक्के आणि उरलेला वाटा कर्नाटक, गोवा व केरळचा होता. 1999 पासून कोलाडहून भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याकडे नेण्याची कल्पक सोय तिने केली. पण कर्ज मोठे आणि दुसरा रूळ टाकायला पैसा नाही. 2021 साली केंद्राने सरकारी मालमत्तेतून पैसा उभारण्याची यादी काढली, तीत ही 741 किलोमीटरची रेल्वे होती. मे 2025 मध्ये महाराष्ट्राने तिच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. आधी भाड्याने द्यायचा विचार, चार वर्षांत पोटात घ्यायचा! माझे मत विचाराल तर विलीनीकरण बरे, कारण दुसऱ्या रुळाचा खर्च तेवढ्या मोठ्या तिजोरीलाच झेपेल.

त्याच 2021च्या यादीत आपली नेरळ-माथेरानची गाडीही होती. विकायची नव्हे, मुदतीने चालवायला द्यायची. ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून 1907 साली सुरू केली, म्हणजे खासगी पैशाचे तिला वावडे नाही. पण 2019च्या पावसाने तिचा मार्ग ठिकठिकाणी उखडला आणि नेरळहून माथेरानपर्यंतची गाडी 2022च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली. मधल्या तीन वर्षांची दुरुस्ती रेल्वेने केली. उद्या कोणी ठेकेदार आला, तर करारात पहिल्यांदा हे पाहायचे, की दरड कोसळल्यावर रूळ कोणी आणि किती दिवसांत नीट करायचे, आणि तोवर माथेरानच्या माणसाने वर कसे जायचे.