ढेपेतलं विष आणि त्याला धरणारं लायसिन



अमळनेर-पारोळ्याकडे कपाशी घरात आली की रुईच्या भावाबरोबर सरकीच्या भावाचीही चौकशी सुरू होते. सरकीचं तेल निघतं, मागे राहते ती ढेप, आणि ती गाई-म्हशींपुढे जाते. या सरकीत एक विष असतं.

हवं तर सरकीचा एक दाणा सोला आणि आतला गर ब्लेडनं मधोमध चिरा. पिवळट गरात बारीक काळसर ठिपके दिसतील. ती कीड नव्हे. त्या ग्रंथी आहेत आणि त्यांत गॉसिपॉल भरलेलं असतं. मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञानं १८९९ साली त्याला हे नाव दिलं. किडीला तोंड द्यायला झाडानं केलेली ही सोय. पण जनावराच्या पेशीत ते शिरलं, की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचंच काम बिघडतं.

मग रोज ढेप खाणारी म्हैस ठणठणीत कशी? गॉसिपॉलच्या रेणूवर दोन आल्डिहाइड गट असतात. प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला एक मोकळा अमिनो गट असतो. दोघांची गाठ पडली की बंध जुळतो. म्हशीच्या कोठीपोटात बरंचसं गॉसिपॉल असं प्रथिनांना चिकटतं आणि रक्तापर्यंत थोडंच पोचतं. गिरणीत सरकीला उष्णता देतात, तेव्हाही हेच घडतं.

लहान वासराचं कोठीपोट मात्र अजून चालू झालेलं नसतं. ते ढेप खात राहिलं, तर त्याला धाप लागते, हृदय थकतं, कधी ते अचानक दगावतं. कोंबडीची तऱ्हा वेगळी: गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी संयोग पावतं आणि ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. म्हणून खाद्यात आधीच फेरस सल्फेट मिसळतात. लोह आतड्यातच त्याला अडवतं.

पण विषाला धरणारा हा पहारेकरी स्वतःही कामी येतो. गॉसिपॉलला चिकटलेलं लायसिन जनावराच्या अंगी फारसं लागत नाही. प्रथिनांचा आकडा काढतात तो नायट्रोजन मोजून. त्यात हे अडकलेलं लायसिनही धरलं जातं. नुसत्या टक्क्यांवर ढेपेची पारख करू नये, असं मला वाटतं ते यासाठी. कोंबड्यांच्या खाद्यात सरकीची पेंड घातली, तर वरून लायसिन द्यावं लागतं.

गॉसिपॉल नसलेल्या कपाशीचा प्रयत्न अमेरिकेत १९५० च्या दशकातच झाला, पण ती किडींनी फस्त केली. पुढे २००६ मध्ये टेक्सासमधल्या कीर्ती राठोड यांच्या गटानं फक्त सरकीतलं गॉसिपॉल घटवून पानांतलं तसंच राखलं. त्या कपाशीच्या लागवडीला अमेरिकेनं २०१८ मध्ये मोकळीक दिली.

आपल्या गोठ्यात मात्र दूधपित्या वासरापुढे सरकी किंवा ढेप ठेवू नका. आणि बुरशी धरलेली ढेप कोणत्याच जनावराला नको. बुरशीचं विष निराळं, ते लायसिनच्या हाती लागत नाही.