शेत विकण्याआधी

मागच्या वर्षी गावाकडच्या एका मित्राचा फोन आला. वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग होता. "भाई, प्रोटॉनची नवी मशीन आलीय म्हणतात. दोन एकर विकू का?"

मी बी. ए. झालेला माणूस, त्याला काय सांगणार? पण म्हटले, थांब, आधी समजून घेऊ.

नेहमीच्या किरणोपचारात, म्हणजे आपण ज्याला ‘शेक देणे’ म्हणतो त्यात, क्ष-किरण गाठीतून आरपार जातात. पलीकडच्या निरोगी भागालाही त्यांची झळ लागते. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. तो वेगात असताना वाटेत थोडीच ऊर्जा सोडतो, वेग मंदावला की अधिक सोडतो आणि अगदी थांबताना सर्वांत जास्त. त्यापुढे जवळजवळ काहीच जात नाही. (मुशायऱ्यातल्या आम्हा कवींना हे कुठे जमते!) किती खोलवर थांबायचे, हे त्याचा वेग कमीजास्त करून ठरवता येते.

ही कल्पना १९४६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडली. त्याच्या आदल्याच वर्षापर्यंत तो लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात होता. भारतात हे उपचार २०१९ साली चेन्नईत सुरू झाले. २०२३ पासून ते खारघरला टाटा स्मारक केंद्रातही मिळतात.

याचा खरा लाभ लहान मुलांना. मेंदूत गाठ असलेल्या काही मुलांच्या पाठीच्या कण्यालाही किरण द्यावे लागतात. क्ष-किरण कण्यातून पुढे हृदय, फुप्फुसे, आतडी यांपर्यंत जातात. प्रोटॉन कण्यापाशीच थांबवता येतो. त्या मुलाला अजून साठ-सत्तर वर्षे जगायचे असते आणि किरणांची इजा कधी कधी वीस वर्षांनीही वर येते. डोळ्यातल्या किंवा कवटीच्या तळाशी असलेल्या गाठींनाही प्रोटॉन उपयोगी पडतो.

प्रोस्टेटचे मात्र तसे नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात आधुनिक क्ष-किरण आणि प्रोटॉन यांत फरक आढळला नाही. लघवीचा, आतड्याचा त्रास दोन्हीकडे सारखाच. खर्च मात्र प्रोटॉनचा कितीतरी जास्त.

मित्राला म्हटले, "डॉक्टरांना सरळ विचार, साध्या शेकाने वडिलांचे काय अडेल?" डॉक्टर म्हणाले, काही अडणार नाही.

वडिलांचा शेक दिवाळीआधी संपला. शेत अजून त्यांच्याच नावावर आहे, यंदा त्यात तूर आहे.