गेज बदलताना



 बहुतेकांना मनमाड हे गाव गाडी बदलण्यापुरतेच ठाऊक असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. गाव वाढले ते त्यामुळेच. मुंबईकडून येणारा रूळ ब्रॉडगेजचा, निजामाच्या मुलखातून येणारा तेव्हा मीटरगेजचा होता. एकाची रुंदी 1.676 मीटर, दुसऱ्याची एक मीटर. एकाचा डबा दुसऱ्यावर धावणार कसा? म्हणून कित्येक दशके इथे पोती हमालांच्या पाठीवरून या वाघिणीतून त्या वाघिणीत जात. व्यावसायिक ओळखींचेही असेच आहे. डॉक्टर डॉक्टरांना ओळखतात, ठेकेदार ठेकेदारांना. अडते ते गेज बदलते तिथे.

अशा गेजपलीकडच्या ओळखी किती कामी येतात ते पाहा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांची पाहणी मांडली. नोकरीची बातमी देणारा माणूस नेहमी भेटणारा होता, असे सांगणारे निघाले 16.7 टक्के. 55.6 टक्क्यांना तो अधूनमधून भेटे आणि 27.8 टक्क्यांना क्वचितच. नमुना लहान आणि मुलूख परका, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे नाशिक जिल्ह्याला चिकटवू नयेत. पण कारण इथेही पटते : रोज भेटणाऱ्याला जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

यावर कोणी म्हणेल, ओळख हे वशिल्याचेच सोज्वळ नाव. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा सर्वांत सणसणीत पुरावा याच गावात मांडला गेला. फेब्रुवारी 1938 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले, की अस्पृश्याला गँगमन म्हणून राबता येते, पण साधा पोर्टर होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही लावत असे आणि अस्पृश्य त्याला घरात चालत नसे. नोकरी रेल्वेची, पण तिची वाट कोणाच्या तरी उंबरठ्यावरून जाणारी! म्हणून ओळखीच टाकून द्याव्यात, असा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आपण ओळखी टाकल्या तरी ज्यांच्या पिढीजात आहेत त्यांच्या राहतातच. तोटा होतो तो पहिल्यांदा धंद्यात उतरणाऱ्याचा. उंबरठ्याआतल्या ओळखीतून वशिला निपजतो. त्यावर उतारा उंबरठ्याबाहेरच्या ओळखीचाच.

दुसरा आक्षेप वेळेचा : फोनमध्ये हजार नंबर आहेत, जपायचे किती? सगळे नकोतच. रोजच्या ‘सुप्रभात’ने ओळख टिकते, असे मला तरी दिसलेले नाही. ज्याने आपले नाव सुचवले, त्याला पुढे काम झाले की फिसकटले हे दोन ओळींत कळवणे एवढे पुरते, आणि नेमके तेच आपण विसरतो. मग तो पुढच्या वेळी दुसऱ्याचे नाव सुचवतो.

पण जपायला आधी उंबरठ्याबाहेरची ओळख व्हायला हवी, म्हणून स्वागत समितीने एक आगाऊपणा केला आहे. दुपारच्या पंगतीतल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आहेत. आपल्याच गावचा, आपल्याच धंद्यातला माणूस शेजारी आला, तर बिनदिक्कत चिठ्ठी बदलून मागा. जेवण बरोबर एक वाजता.