फरदडीचा धडा

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या काळ्या रानाला कपाशी नवी नाही, आणि बीटी वाणाची कहाणी तर जालन्याच्याच महिको या बियाणे कंपनीशी जोडलेली. २००२ साली परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीची कटकट मिटली, असंच वाटलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात बोंडं पोखरली आणि चुका उघड्या पडल्या. अळी बीटीला सरावू नये म्हणून पाकिटासोबत दिलेलं १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं अनेकदा पेरलंच गेलं नव्हतं. वेचणीनंतरही पाणी देऊन फरदड राखल्यानं अळीला पुढंही खाद्य मिळत राहिलं.

कुणी म्हणेल, चुकून शिकणं शेतकऱ्याला परवडत नाही, हंगाम गेला की कर्ज उरतं. खरंच आहे. शिवाय लांब मुदतीचे संकरित वाण बाजारात आणले ते काही शेतकऱ्यानं नव्हे. पण म्हणूनच चूक लहान असतानाच हेरायला हवी. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग अडकले, की उपाय करायची वेळ झाली. पाकळ्या न उमलता गुंडाळलेल्या डोमकळ्या दिसल्या, की अळीसकट तोडून नष्ट करायच्या. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करायचं. फरदडीच्या चार किलो कापसाचा मोह तेवढा आवरायला हवा, आणि तेच सगळ्यात अवघड.