दोष कन्व्हर्टरचा की इंजिनाचा?

मोटारीच्या दर्शनी फलकावर एक पिवळा दिवा लागतो. गाडी नेहमीसारखीच धावते; ओढ कमी झालेली नाही, पेट्रोलही अधिक जळत नाही. मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो, मेकॅनिक स्कॅनर जोडतो आणि 'पी ०४२०' असा संकेत उमटतो. उत्प्रेरक परिवर्तकाची, म्हणजे व्यवहारात ज्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्या भागाची, कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली गेली आहे, असा त्याचा अर्थ. येथवर सारे ठीक. परंतु लगेच 'कन्व्हर्टर गेला, नवा बसवा' असा निवाडा दिला जातो, मालक मोठी रक्कम मोजतो आणि कित्येकदा काही महिन्यांतच तोच दिवा पुन्हा लागतो. असे का घडते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला पोलादी डबा. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी, शेकडो बारीक नळ्यांची चिनी मातीच्या जातीची वीट असते. नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अत्यंत विरळ लेप असतो. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर हा लेप आपले काम करू लागतो: विषारी कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले इंधन यांचे ज्वलन पूर्ण करतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून निरुपद्रवी नायट्रोजन वेगळा काढतो. लेपात सीरियम या मूलद्रव्याचे ऑक्साइडही मिसळलेले असते. ते प्राणवायूची कोठी होय. अधिक असेल तेव्हा साठवायचा, उणा पडेल तेव्हा सोडायचा.

आता गोम अशी की, गाडीतील संगणक धुराची शुद्धता मोजतच नाही. तो केवळ या कोठीचा अंदाज घेतो. कन्व्हर्टरच्या पुढे एक व मागे एक असे दोन प्राणवायू-संवेदक असतात. अनेक गाड्यांत पुढच्याचा दाब ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सतत हेलकावत असतो. कोठी शाबूत असेल तर मागचा बहुधा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास संथ राहतो. मागचाही पुढच्याप्रमाणे नाचू लागला, की संगणक दोष नोंदवतो. म्हणजे हा पुरावा परिस्थितिजन्य आहे, प्रत्यक्ष नव्हे. मागच्या संवेदकाजवळ नळीचा सांधा फुटून बाहेरची हवा आत शिरत असेल, तरीही तोच संकेत उमटू शकतो.

कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला मारले जाते. त्याचा इतिहासही हेच सांगतो. फ्रान्समध्ये जन्मलेले अभियंते यूजीन हूड्री यांनी अमेरिकेत १९५०च्या दशकात मोटारींसाठी असा उत्प्रेरक तयार केला, पण पेट्रोलमधील शिशाने त्याचा लेप निकामी होई. म्हणून शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच, १९७५ सालच्या मोटारींपासून, अमेरिकेत त्याचा सार्वत्रिक वापर सुरू झाला. भारतात १९९५ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे नव्या पेट्रोल गाड्यांना तो लावणे आवश्यक झाले, तेही शिसेविरहित पेट्रोलच्या सोबतीनेच. २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. शिसे गेले, इतर मारेकरी मात्र राहिले.

त्यांतील सर्वांत क्रूर म्हणजे चुकलेली ठिणगी. प्लग किंवा कॉईल बिघडली की न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते. तापमान १,००० अंशांपलीकडे जाऊन वीट वितळू लागते. झिजलेल्या रिंगांमधून जळणारे ऑईल फॉस्फरस व जस्त यांचे पुट चढवते. फुटलेल्या हेड गॅस्केटमधून शिरणारे शीतक दुसरेच विष आणते. अशा इंजिनावर नवा कन्व्हर्टर चढवणे म्हणजे चिखलाच्या पायांनी नव्या सतरंजीवर चालणे.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. ठिणगी चुकल्याचा किंवा मिश्रणाचा अन्य संकेत नोंदला आहे काय, हे प्रथम पाहावे आणि असल्यास तो आधी निस्तरावा. इंजिन थंड असताना नळीचे सांधे तपासावेत. काजळीची रेघ गळतीची जागा दाखवते. ऑईल व शीतक किती घटते, हे मालकाला विचारावे. त्याचे उत्तर पुष्कळदा स्कॅनरपेक्षा अधिक सांगून जाते. मग इंजिन पुरते तापवून दोन्ही संवेदकांचे आलेख शेजारी शेजारी पाहावेत. डब्यावर रबरी हातोडी हलकेच मारल्यास आत खडखड ऐकू आली, तर वीट फुटलेली असते. तेथे वाद उरत नाही.

लेप मेलेला असेल तर दुरुस्ती नाही, बदलणे हाच मार्ग. टाकीत ओतायची द्रवे वितळलेली वीट सांधत नाहीत. काही ठिकाणी मागचा संवेदक एका नळकांड्यावर उचलून दिवा विझवतात, तर कोणी वीटच काढून टाकतात. हा संगणकाला फसवण्याचा उद्योग आहे. धूर फसत नाही, तो मागून येणाऱ्याच्या छातीत जातो. पी.यू.सी.च्या तपासणीत पेट्रोल गाडीची नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नसल्याने ही लबाडी पुष्कळदा पचते.

नवा भाग गाडीच्या नमुन्याला नेमून दिलेलाच घ्यावा. लेपात धातू कमी असलेला स्वस्त माल लवकरच तोच संकेत परत आणतो. काम झाल्यावर नोंद पुसली की दिवा तत्काळ विझतो, पण तो पुरावा नव्हे. संगणकाची कन्व्हर्टरविषयीची चाचणी पूर्ण व्हायला विविध वेगांनी काही फेऱ्या व्हाव्या लागतात. ती पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसेपर्यंत आणि मागच्या संवेदकाचा आलेख संथ आढळेपर्यंत बिलावर सही करण्याची घाई मालकाने करू नये.